तिकोनी देठाच्या मुलखात
कोकणच्या खाजणापासून पट्टमडईच्या चटईपर्यंत

लव्हाळे, मोथा, नागरमोथा ही नावे आपल्या घरांना नवी नाहीत. शेतकऱ्याच्या घरात मोथा म्हणजे खुरपून खुरपून कंटाळा आणणारे तण. न्हाणीघरात तोच नागरमोथा होऊन उटण्यात येतो. युनानी दवाखान्यात हकीमसाहेब त्यालाच ‘सअद कूफी’ म्हणतात, आणि अत्तराच्या दुकानात त्याच्या भाऊबंदांच्या गाठींचा मातकट, उष्ण सुगंध लहानशा बाटलीतून मिळतो. इतक्या वाटांनी घरात येणारी ही वनस्पती, पण तिच्याकडे नीट पाहायला आपण क्वचितच वाकतो. पाणथळीत जे हिरवे आणि बारीक दिसेल त्या सगळ्याला ‘गवत’ म्हणून मोकळे होतो.

लव्हाळे मात्र गवत नव्हे. हे ओळखायला पुस्तक लागत नाही, दोन बोटे पुरतात. देठ चिमटीत धरून फिरवा. गवताचा देठ गोल असतो, आतून बहुधा पोकळ असतो आणि त्याला ठराविक अंतरावर पेरे असतात. लव्हाळ्याचा देठ बहुधा तिकोनी असतो. बोटांत फिरवला की तीन कडा एकामागून एक लागतात. आत भेंड भरलेले असते आणि फुलोऱ्यापर्यंत एकही पेर लागत नाही. गवताची पाने देठाच्या दोन बाजूंना, तर याची पाने तीन बाजूंना निघतात. गवताच्या पानाचा खालचा भाग देठाभोवती गुंडाळलेला पण मोकळा असतो, तर लव्हाळ्याचा नळीसारखा सांधलेला असतो. तलावात उभी असणारी तपकिरी कणसांची पाणकणीस ही आणखी तिसरीच. तिचाही लव्हाळ्याशी संबंध नाही. आणि उन्हाळ्यात माठात टाकतो तो सुगंधी वाळा, तोसुद्धा गवतच.

वनस्पतिशास्त्रात या कुळाला ‘सायपरेसी’ म्हणतात. ऑर्किड आणि गवत यांच्यानंतर एकदल वनस्पतींतले हे तिसरे मोठे कुळ. जगात याच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास. थंड मुलखात ‘कॅरेक्स’ या एकाच वंशाच्या दोन हजारांच्या घरात जाती आहेत. आपल्या उष्ण मुलखात राज्य आहे ते ‘सायपरस’चे.

आमच्या घरी हा विषय आला तो थोरल्या मुलीमुळे. तिने बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतले, आणि भादव्यात भातशेताच्या बांधावरून चालताना तिच्या हातात भिंग असे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात, एका बांधावर, एका सकाळी तिने आम्हाला सहा प्रकारची लव्हाळी दाखवली. भाताच्या रोपांत घुसलेला, पिवळसर फुलोऱ्याचा सायपरस इरिया. गोल गोल गड्ड्यांचा सायपरस डिफॉर्मिस. केसासारख्या बारीक पानांची, तपकिरी थेंबांसारखी फुले झुलवणारी फिंब्रिस्टायलिस. अंगणाच्या कडेला पांढऱ्या गोंड्याची किलिंगा. साचलेल्या पाण्यात सरळ उभी, पानेच नसलेली एलिओकॅरिस, जिचा हिरवा देठच पानांचे काम करतो. आणि बांधाच्या माथ्यावर आपला नेहमीचा मोथा. आम्ही जन्मभर याच बांधावरून चाललो, आणि आमच्या लेखी ते सगळे एकच होते.

### सफरीचे निमित्त

गेल्या वर्षी या मुलीचा निकाह ठरला. तेव्हा तिच्या फुफीने एक गोष्ट लावून धरली. तमिळनाडूत पट्टमडई नावाचे एक गाव आहे, तिथे आपल्याच मुस्लिम भगिनी लव्हाळ्याच्या इतक्या तलम चटया विणतात की रेशमासारख्या घडी पडतात. लग्नाच्या चटईत नवरा-नवरीचे नाव विणून देतात. भाचीला तशी चटई द्यायचीच. मुलगी म्हणाली, “अम्मी, मग ती वनस्पती उभी कुठे आहे तेही पाहू.”

दुसरे निमित्त घरचेच होते, आणि ते इतके गोड नव्हते. गावाखाली आमच्या भावकीचे सामायिक खाजण आहे. बांध फुटल्यापासून तिथे भात होत नाही. निमखारे पाणी येते-जाते, लव्हाळे माजले आहे, बगळे उभे असतात. त्यात मातीचा भराव टाकून प्लॉट पाडावेत, असे बोलणे भावकीत सुरू झाले होते. “गवतच तर आहे तिथे,” हे वाक्य प्रत्येक बैठकीत येई. आमचे मत कुणी विचारले तर काय सांगावे, हे आम्हालाही कळत नव्हते.

शाबान महिन्यात, रमजानची कामे सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौघे निघालो.

### खिडकीबाहेरचे पाणी

कोकण रेल्वेच्या मार्गाने तिरुनेलवेलीला थेट गाडी जाते. डब्यात शिदोरी होती, जानमाज होते, आणि खिडकीची जागा मुलीने आधीच बळकावली होती. आम्हाला वाटले होते तो प्रवास झोपेत जाईल. पण एकदा डोळ्याला लव्हाळे ओळखता येऊ लागले की पश्चिम किनारा म्हणजे त्याचे एक लांबच लांब दालन आहे हे कळते. माघ सरला तरी गोव्यातल्या खाजणांत, कर्नाटकातल्या नद्यांच्या मुखांपाशी, आणि केरळात तर रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी होते, आणि पाण्याच्या काठाला ती गडद हिरवी किनार होती.

या किनारीचे काम काय, हे मुलीने आम्हाला गाडीतच समजावले. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. साध्या झाडाची मुळे तिथे गुदमरून कुजतात. लव्हाळ्याने त्यावर तोड काढली आहे. त्याच्या देठातले भेंड स्पंजासारखे असते, त्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. वरची हवा त्या वाटेने खाली मुळांपर्यंत पोहोचते, आणि थोडी मुळांतून बाहेर चिखलातही झिरपते. त्या हवेवर चिखलातले सूक्ष्मजीव जगतात, आणि ते पाण्यातली घाण खाऊन टाकतात. म्हणून लव्हाळ्यातून वाहून आलेले पाणी काही अंशी गाळलेले असते.

दुसरे काम जमिनीचे. लव्हाळे बियांनीही पसरते, पण त्याचा खरा जोर जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या खोडात आहे. ही खोडे एकमेकांत गुंतून चिखलाची चटईच विणतात. पूर आला की देठ वाकतो, पाणी वरून जाते, पाणी ओसरले की देठ पुन्हा उभा. महापुरात मोठी झाडे जातात आणि लव्हाळे वाचते हे तुकाराम महाराजांनी सांगितले ते नम्रतेचा धडा म्हणून. पण त्यामागचे निरीक्षणही अगदी खरे आहे. झाड पाण्याला अडवते म्हणून उन्मळते. लव्हाळे पाण्याला वाट देते आणि माती तेवढी धरून ठेवते.

मोथ्याचा चिवटपणाही याच खोडातून आला आहे. त्याच्या जमिनीखालच्या दोऱ्याला मण्यांसारख्या गाठी असतात. शेतकरी रोप उपटतो, दोरा तुटतो, गाठी खालीच राहतात, आणि प्रत्येक गाठीतून नवे रोप येते. तणांचा अभ्यास करणाऱ्यांनी याला जगातले सर्वांत त्रासदायक तण ठरवले आहे. शेतकऱ्याला जी गाठ नकोशी, तीच हकिमाला आणि अत्तरवाल्याला हवी. अल्लाहच्या कारखान्यात काय कुठे उपयोगी पडेल, हे आपल्या खुरप्याला कळत नाही.

### किरतासची गोष्ट

गाडी केरळात शिरल्यावर समोरच्या बाकावर एक मलबारी जोडपे आले. आम्ही सलाम केला, त्यांनी जवाब दिला. भाषा पुढे चालेना, पण डबे उघडल्यावर भाषेची गरज उरली नाही. त्यांचा धाकटा मुलगा वहीत चित्रे काढत होता. मुलीने त्याच्या वहीच्या कोपऱ्यात एक उंच देठ आणि वर छत्रीसारखा झुबका काढला आणि म्हणाली, “हे कागदाचे आजोबा.”

ते चित्र होते सायपरस पपायरसचे. आपल्या बांधावरच्या मोथ्याचा हा चुलता, पण चार-पाच मीटर उंच वाढणारा. मिसरमध्ये नाईलच्या काठी याचे रान होते. त्याच्या देठातल्या भेंडाच्या पातळ पट्ट्या काढून, एक थर उभा एक थर आडवा असा लावून, ठोकून वाळवत, आणि त्याचा लिहायचा पत्रा होई. युरोपच्या भाषांतले कागदासाठीचे ‘पेपर’सारखे शब्द याच ‘पपायरस’वरून आले. अरबीत या वनस्पतीला ‘बरदी’ म्हणतात. सूरह अल-अनआममध्ये ‘किरतास’ हा शब्द आला आहे. त्या काळच्या मुलखांत किरतास म्हटले की मुख्यतः हाच पपायरसचा पत्रा असे. मिसर इस्लामी राजवटीत आल्यावरही कित्येक पिढ्या सरकारी हिशेब, खासगी पत्रे, खरेदीखते अरबीत याच पत्र्यांवर लिहिली गेली. हजारो अजून जपून ठेवलेली आहेत. पुढे चिंध्यांपासून केलेला कागद समरकंद-बगदादकडून आला आणि दहाव्या शतकापर्यंत पपायरस मागे पडला. ज्या मिसरमध्ये तो इतका उगवे, तिथून तो रानातून जवळजवळ नाहीसाच झाला. वापर थांबला, पाणथळी आटल्या, रोपही गेले. ही गोष्ट आम्ही तेव्हा गंमत म्हणून ऐकली. पट्टमडईत पोहोचल्यावर ती पुन्हा आठवली.

याच कुळात खायचीही रोपे आहेत. सायपरस एस्क्युलेंटसच्या गोडसर गाठींना अरब ‘हब्ब अल-अजीज’ म्हणतात. प्राचीन मिसरी थडग्यांत त्या सापडल्या आहेत. मुस्लिम राजवटीच्या काळात ही शेती स्पेनच्या वलेन्सिया भागात रुजली, आणि त्या गाठींचे दुधासारखे थंड पेय तिथे आजही उन्हाळ्यात पितात. चिनी जेवणात कुरकुरीत लागणारे ‘वॉटर चेस्टनट’ म्हणजे एलिओकॅरिसच्याच एका जातीचा कंद. आपला शिंगाडा मात्र वेगळा. त्याचे कुळ दुसरे.

### तामिरबरणीच्या काठी

तिरुनेलवेली हे तामिरबरणी नदीचे शहर. पश्चिम घाटातल्या पोदिगै डोंगरांत ही नदी उगम पावते आणि सुमारे 128 किलोमीटर वाहत मन्नारच्या आखाताला मिळते. कोरड्या मुलखातून जाणारी असूनही बारमाही. तिच्या दोन्ही बाजूंना भातशेती, केळीच्या बागा आणि पाटांचे जाळे आहे. शहरातून पश्चिमेला, चेरनमहादेवीच्या बाजूने बसने निघालो की तासाभराच्या आत पट्टमडई येते.

तमिळमध्ये लव्हाळ्याला ‘कोरै’ म्हणतात आणि चटईला ‘पाय’. इथे एक गमतीची गोष्ट कळली. तमिळ लिपीत प, ब, भ यांना वेगळी अक्षरे नाहीत. मुस्लिम माणसाला तिकडे आदराने ‘भाय’ म्हणतात, आणि ते लिहिताना अक्षरे तीच, जी चटईसाठी लिहितात. चटई आणि भाई, लिहायला एकच. ज्या मास्तरांनी आम्हाला गावात फिरवले त्यांनी हे हसत हसत सांगितले. मास्तर निवृत्त शिक्षक, हिंदी जाणणारे. विणणाऱ्या बहुतेक घरांची भाषा तमिळच. इथल्या लेब्बै मुस्लिमांची मातृभाषा तमिळ आहे, जशी आपली मराठी. उर्दू येत नाही म्हणून त्यांना कुणी कमी मुसलमान समजत नाही, हे पाहून आम्हाला बरे वाटले. आपल्याकडे हा प्रश्न मराठी बोलणाऱ्या मुलांना अजून ऐकावा लागतो.

आधी नदीवर गेलो. जिच्यासाठी इतका प्रवास केला ती वनस्पती पाण्याच्या कडेला मांडीएवढी, कुठे कमरेच्या वर उभी होती. सायपरस पँगोराय. हे शास्त्रीय नाव तिला रॉटबोल नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात दिले. देठ सडपातळ, गडद हिरवा, चकचकीत, खालपासून वरपर्यंत एकसारखा. मुलीने तो बोटांत फिरवला, आमच्या हातात दिला. तीन कडा. पाने फार आखूड, जवळजवळ नावापुरती. सगळी उंची देठाची. शेंड्याला आडव्या पानांच्या मधोमध तांबूस तपकिरी फुलोरा. लव्हाळ्याच्या फुलाला पाकळ्या नसतात, रंग नाही, मध नाही. फुलपाखराला बोलवायचेच नसते, परागकण बहुधा वारा नेतो. एकेक फूल एका लहान खवल्याआड लपलेले, आणि पुढे त्याचे एकच कडक, दाण्यासारखे फळ होते. पाकळ्यांचा खर्च नाही, पेऱ्यांचा अडथळा नाही. आणि पेर नसलेला असा लांब, सरळ देठच विणकराला हवा असतो. गवताच्या काडीला दर पेरापाशी गाठ येते, ती तलम विणीत बसणार नाही.

हीच वनस्पती बंगालमधल्या मेदिनीपूरच्या ‘मादूर’ चटयांमध्येही वापरतात. तिथल्या उत्तम चटईला ‘मसलंद’ म्हणतात, म्हणजे आपला ‘मसनद’. दीड हजाराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या दोन नद्यांच्या काठी माणसांनी नेमके एकच रोप निवडले, यात त्या देठाची परीक्षा झाली असे म्हणायला हरकत नाही.

### विणणारे हात

मास्तर आम्हाला एका घरात घेऊन गेले. पुढच्या खोलीत जमिनीलगत माग होता. दोन आडव्या बांबूंमध्ये सुती धाग्यांचा ताणा ताणलेला, आणि त्यावर फळी टाकून एक वयस्क बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना ‘उम्मा’ म्हणत, आम्हीही तेच म्हणालो. सलामाचे उत्तर त्यांनी दिले, पण हात थांबले नाहीत.

देठ हिरवा असतानाच कापावा लागतो. पिकून पिवळा झाला की ठिसूळ होतो. कापलेला देठ सुरीने उभा चिरायचा, आतले भेंड खरवडून काढायचे, राहिलेली हिरवी साल उन्हात वाळवायची. तलम चटईसाठी या पट्ट्या कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात. त्या फुगतात, मऊ होतात, मग पुन्हा चिरून दोऱ्याएवढ्या बारीक करतात. काही तशाच फिकट ठेवतात, काही लाल, हिरव्या, जांभळ्या रंगवतात. पूर्वी लाल रंग पतंगाच्या लाकडाचा असे. आता बाजारचे रंग आले आहेत. मग एकेक पट्टी ताण्यातून ओवायची आणि ठोकून बसवायची. ताण्याचे धागे जितके दाट, तितकी चटई तलम. 100, 120, 140 असे काउंट सांगतात. सर्वांत तलम चटईला ताणा रेशमाचा असतो. विणून झाली की घासून गुळगुळीत करतात. अशी चटई पूर्ण व्हायला आठवडे जातात, आणि मग ती ओढणीसारखी घडी घालून पिशवीत ठेवता येते. पट्टमडई पायला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मुलीने विचारले, “उम्मा, तुम्ही कधी शिकलात?” उत्तर आले, “आईच्या मांडीवरून उतरले आणि फळीवर बसले.” आणि तुमच्या मुली? उम्मांनी मान हलवली. एक शिवणकामाच्या कारखान्यात जाते, दुसरी दुकानात हिशेब लिहिते. “त्यांना महिन्याला पगार मिळतो. मला चटई विकली गेली तर मिळतो.” यात तक्रार नव्हती, हिशेब होता. यंत्रमागावर जाड चटया झटपट निघतात. प्लास्टिकच्या चटया त्याहून स्वस्त. हाताची तलम चटई मागणारे गिऱ्हाईक वर्षातून काही वेळा येते. त्यातून कोरैही पूर्वीसारखी हाताशी राहिली नाही. उम्मा लहान असताना नदीच्या काठावरून भारे यायचे. आता काठ कमी झाले, पाणी खराब झाले, आणि माल पुष्कळदा लांबून विकत आणावा लागतो. नदीवर आम्ही पाहिलेला तो हिरवा पट्टा त्यांच्या दृष्टीने उरलेला तुकडा होता.

तेव्हा मिसरच्या पपायरसची गोष्ट आठवली. वापर आणि वनस्पती एकमेकांना धरून उभे असतात. चटई विकली जाईनाशी झाली की कोरैचे राखण कुणी करत नाही, आणि कोरै गेली की विणणारा हात रिकामा होतो. दोन्हींपैकी आधी काय जाते याला महत्त्व नाही, दुसरे पाठोपाठ जातेच.

आपल्या जगण्यात चटई किती आहे, हे त्या खोलीत बसून जाणवले. अरबस्तानात चटया बहुधा खजुरीच्या पानांच्या असत. हजरत अनस (रजि.) यांच्या घरची, वापरून वापरून काळी पडलेली चटई पाणी शिंपडून पुसली गेली आणि त्यावर हुजूर (स.) यांनी नमाज पढली, ही रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. आपल्याकडे बाळाला उन्हात निजवतात ते चटईवर, दस्तरखान अंथरतात तो चटईवर, आणि शेवटी कब्रीच्या फळ्यांवर माती ओढण्याआधी अंथरतात तीही चटईच. त्या शेवटच्या चटईसाठी आता गावोगाव प्लास्टिकची चटई आणली जाते, जी मातीत मिसळत नाही. उम्मांना हे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा थांबल्या. म्हणाल्या, “त्यासाठी तलम नको. जाड कोरैची पुरे. पण कोरैचीच असावी.”

मुलीच्या आणि होणाऱ्या जावयाच्या नावाची चटई आम्ही सांगितली. नावे कागदावर उर्दूत, मराठीत आणि तमिळमध्ये लिहून दिली. उम्मांनी तिन्ही पाहिली आणि विचारले, “घरी कोणत्या अक्षरांत वाचता?” आम्ही मराठी म्हणालो. देवनागरीचे वळण त्यांनी ताण्याच्या धाग्यांवर बोटाने मोजून पाहिले. किमतीत आम्ही घासाघीस केली नाही. तीन आठवड्यांनी टपालाने चटई आली, आणि मुलीचे नाव त्यात एका काना-मात्रेची चूक न होता उतरले होते.

### कूंदनकुळम आणि आमचे खाजण

परतण्याआधी एक दिवस कूंदनकुळमला गेलो. तिरुनेलवेलीपासून सुमारे 35 किलोमीटरवर हे तळे आहे, आणि 2022 साली जाहीर झालेल्या रामसर स्थळांच्या यादीत ते आले. इराणमधल्या रामसर गावी 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळींच्या रक्षणासाठी करार झाला, म्हणून ती यादी त्या नावाने ओळखतात. आपल्या महाराष्ट्रातले नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी त्याच यादीत आहेत. कूंदनकुळमचे वैशिष्ट्य असे की पक्षी तळ्यात चरतात आणि गावातल्या लोकांच्या परसातल्या झाडांवर घरटी करतात. चित्रबलाक, झोळीवाले पेलिकन डोक्यावरून जातात आणि खाली बायका धान्य निवडत असतात. तळ्याच्या उथळ कडेला लव्हाळ्याची रांग होती आणि तिच्या मुळाशी बदके कंद शोधत होती. राजस्थानात भरतपूरला सायबेरियन क्रौंच येत, तेही लव्हाळ्यांचेच कंद उकरून खात. 2002 नंतर ते तिथे आलेले नाहीत.

घरी आल्यावर भावकीची बैठक झाली. या वेळी आमच्याकडे सांगायला काहीतरी होते. खाजणातले ते ‘गवत’ काय काम करते, ते आम्ही सांगितले. भराव टाकला तर पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी कुठे जाईल, ते विचारले. आजवर ते खाजणात पसरून थांबते, आणि भरावानंतर ते खालच्या आळीतल्या घरांत शिरेल. ती घरे आपल्याच माणसांची. बरीच चर्चा झाली, आवाजही चढले. पैशांची गरज खरी आहे, ती आम्ही नाकारली नाही. अखेर खालचा, पाण्याचा भाग आहे तसा ठेवायचे ठरले. वरच्या कोरड्या पट्ट्याचे ईदनंतर पाहायचे आहे. तो पट्टा विकला जाईलही. पण निदान आता त्या बैठकीत “गवतच तर आहे” असे कुणी म्हणत नाही.

### जाणाऱ्यांसाठी

पट्टमडईला जायला जानेवारी-फेब्रुवारी बरा. पाऊस संपलेला असतो आणि ऊन सोसते. मुक्काम तिरुनेलवेलीत करावा, तिथून बस मिळतात. गावात मशिदी आहेत, नमाजाची अडचण पडत नाही. चटई घ्यायची तर विणणाऱ्याच्या घरून किंवा तिथल्या सहकारी संस्थेतून घ्यावी आणि ताणा कशाचा आहे ते विचारावे. नावे विणून हवी असतील तर दोन महिने आधी सांगावे. घरी आल्यावर चटई ओली ठेवू नये, सावलीत वाळवावी, आणि घडी नेहमी एकाच रेषेवर घालू नये.

ज्यांना इतके लांब जाणे शक्य नाही, त्यांनी येत्या भादव्यात मुलांना घेऊन जवळच्या बांधावर, तळ्याच्या कडेला किंवा गटाराच्या काठी जावे. थेओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. त्यात वर्णिलेली कितीतरी लव्हाळी आजही आपल्या गावांच्या पाणथळींत उभी आहेत. नाव आले नाही तरी चालेल. देठ बोटांत फिरवावा आणि मुलांना कडा मोजायला सांगाव्यात. गोल लागला तर गवत. तीन कडा लागल्या तर लव्हाळे, आणि मग जवळपास पाण्याची जागा आहे, किंवा एके काळी होती, असे समजायला हरकत नाही.